दर दोन तासांनी उठवा

नोकरीतून सुटून मला तीन वर्षे झाली, तरी गोव्यात मांद्र्याच्या बाजारात एखादा तरी माणूस मला अडवतो, डोके खाली वाकवून केस बाजूला करतो आणि म्हणतो, "सिस्टर, हे तुमचे टाके." मी बोट फिरवून बघते आणि सांगते, "बरे बसलेत हो." खरे सांगायचे तर मला तो माणूस आठवत नसतो आणि टाकेही आठवत नसतात. अर्धी नोकरी पेडण्यात आणि अर्धी डिचोलीत काढली, तेवढ्यात किती डोकी हातांखालून गेली ते देवाला ठाऊक. पण न आठवण्याची गोष्ट मी सहज म्हणून लिहिलेली नाही. पुढे तिच्यावरच सगळे अडणार आहे.

बाहेरच्यांना वाटते, आरोग्य केंद्रातली नर्स म्हणजे इंजेक्शन. आमच्या भागात नर्स म्हणजे डोके, आमच्या बोलीत तकली. उन्हाळ्यात काजूच्या बागेतून, आंब्यावरून, माडावरून माणसे पडतात. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून घसरतात. आणि स्कूटरला तर ऋतू लागतच नाही. मांद्र्यात भाड्याची स्कूटर घेतलेले पाहुणे यायचे, त्यांच्या अंगावर कपडे कमी आणि खरचटलेले जास्त. टाके घालणे नियमाने डॉक्टरांचे काम. पण नवा डॉक्टर आला की पहिले दोन महिने तो सुई धरायचा आणि मी त्याचा हात कुठे जावा ते डोळ्यांनी दाखवायची. हे कुठल्या कागदावर लिहिलेले नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

टाके सोपे असतात. कठीण असते ते बरोबर आलेल्या माणसांना समजावणे. डोक्याला लागलेला माणूस दारातून आत येतो न येतो, तोच मागून कोणी तरी म्हणतेच, "ताका न्हिदूंक दिवं नाकात." झोपला तर गेला, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. ही समजूत अगदीच खोटीही नाही. कवटीच्या आत रक्त साचू लागले तर माणूस सुस्तावतो आणि हळूहळू बेशुद्ध होतो. बाहेरून झोप आणि बेशुद्धी सारखीच दिसते. म्हणून आम्ही माणसाला काही तास ठेवून घेतो, गरज वाटली तर मोठ्या इस्पितळात डोक्याच्या आतला फोटो काढायला पाठवतो आणि सगळे ठीक दिसले की घरी सोडताना एकच वाक्य सांगतो. आजची रात दर दोन तासांनी उठवा, नाव विचारा, गाव विचारा, नीट सांगितले तर परत झोपू द्या. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटले आहे की नंतर नंतर ते म्हणताना मी मनात घरच्या आमटीचा विचार करत असायची.

एकदा एक गोरी बाई आली. स्कूटर कुंपणाला आपटून कपाळ फुटले होते. तिने मला तीन तासांत एकच प्रश्न चाळीसदा विचारला, माझी एक चप्पल कुठे आहे. चप्पल तिच्या पायातच होती. मी दरवेळी दाखवायची, ती दरवेळी आभार मानायची. दुसऱ्या दिवशी ठणठणीत होऊन आली तेव्हा तिला माझे तोंडही ओळखू आले नाही आणि मला उगाचच वाईट वाटले. मोपाच्या पठारावर बांधकामे चालू होती तेव्हाचा कोल्हापूरकडचा एक गवंडी आठवतो. कपडे वाळत घालताना आपल्याच खोलीच्या शिडीवरून पडला होता. टाके काढायला आला तेव्हा बसल्या जागी घोरत होता. मी विचारले, "झोप लागत नाही का रात्री?" तो म्हणाला, "लागत्या की. दिवसा बी लागत्या. जेवताना बी लागत्या." मी हसले आणि डॉक्टरांनी होईल बरे म्हणून सांगितले. तो पुन्हा आला नाही, त्यामुळे बरा झाला असे आम्ही धरून चाललो. डोक्याला लागल्यावर झोपेचे वाटोळे होते, कोणाची पळते, कोणाला सोडत नाही, हे मला माहीत होते. पण जखम भरलेली दिसते आणि झोप दिसत नाही, म्हणून कोणी तिकडे फारसे बघत नसे. मीही बघत नसे.

उल्हास आला तो माझ्या नोकरीच्या शेवटून दुसऱ्या वर्षी. तेव्हा मी कारापूरच्या पलीकडच्या भागात होते. उल्हास पंचेचाळीसचा, बालरथाचा ड्रायव्हर. बालरथ म्हणजे शाळेच्या मुलांची बस. वाड्यावाड्यांवरून पोरे गोळा करून शाळेत न्यायची आणि परत आणायची. माणूस मोजके बोलणारा, पण पोरांना नावाने ओळखणारा. एप्रिलच्या मध्यात सुट्टी लागल्यावर घरच्या फणसाला शिडी लावून चढला. आधी फणस खाली आला, मागोमाग हा आला. फणसाला काही झाले नाही.

मागच्या बाजूला सात टाके पडले. दोन वेळा ओकला म्हणून मोठ्या इस्पितळात पाठवला. तिथून फोटो स्वच्छ आला, सल्ला घरी विश्रांतीचा. आमच्याकडे परत आला तेव्हा सोडण्याचे कागद मीच केले आणि ते वाक्यही मीच सांगितले. त्याची बायको शैला समोर उभी होती. पदराचे टोक मुठीत धरून ती प्रत्येक शब्दाला मान डोलवत होती. तिच्या शेजारी उल्हासचा चुलतभाऊ गोकुळदास. हा गावच्या भजनी मंडळाचा पुढारी, आवाज असा की कुजबुजला तरी ओसरीवर ऐकू येईल.

आठव्या दिवशी टाके काढायला आला तो उल्हास वेगळाच होता. डोळे लाल, चेहरा सुजलेला, बोलताना शब्द शोधत होता. टाके काढताना त्याचा डोळा लागला. शैला म्हणाली, "सिस्टर, ताका न्हीदच सारकी येना." उल्हास डोळे उघडून म्हणाला, "येता. पूण उरना." मी डॉक्टरांना सांगितले. आमच्या डॉक्टर तरुण होत्या, मोठ्या हुशार, पुस्तके वाचणाऱ्या. त्यांनी तपासले, नजर, चाल, हाताची पकड, सगळे बरे होते. डोक्याला लागल्यावर असे होते, थोडे दिवस जाऊ द्या, म्हणाल्या.

थोडे दिवस गेले आणि तो आणखी बिघडला. चुलीजवळ उभा राहिला तर दूध उतू जाईपर्यंत बघत राही. एकदा घरापासून शाळेपर्यंतची वाट सांगताना मधला पूल विसरला, आणि त्या पुलावरून तो रोज चार वेळा बस नेत असे. चिडायला लागला, तोही शैलावर, जिच्यावर त्याने कधी आवाज चढवला नव्हता. शाळा जूनमध्ये उघडणार होती. त्याआधी वाहन चालवायला योग्य असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी द्यायचा होता. नोकरी कंत्राटावरची, दाखला नसला तर शाळा दुसरा माणूस बघणार हे त्याला स्पष्ट सांगितले होते. शैला दर आठवड्याला येऊन एकच विचारायची, "शाळा उगडचे आदीं बरो जातलो मगो?" मी होईल म्हणायची. मला काहीच कळत नव्हते.

मग मी एक शहाणपणा केला. शैलाला एक वही दिली आणि म्हटले, "तो केव्हा जागा होतो ते लिहून ठेव. वेळ लिही आणि कसा होता ते लिही." दहा दिवसांनी तिने वही आणली. अक्षर टपोरे, शाळेतल्यासारखे. दहा, नांव सांगलें. बारा, नांव सांगलें, तिडकलो. दोन, नांव सांगलें, गाळी दिली. चार, उगी रावलो. सहा, नांव सांगलें. रोज तेच. दिवसाच्या रकान्यातसुद्धा बारा, दोन, चार. एकही साडेअकरा नाही, एकही सव्वातीन नाही.

मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. आम्ही दोघी बराच वेळ ती बघत बसलो. माणूस घड्याळ न बघता बरोबर ठोक्याला जागा होतो, हे काय आहे? डॉक्टर म्हणाल्या, "सिस्टर, मेंदूंत घड्याळासारकें कितें तरी आसता. ताकाच मार बसला आसूंक जाय." त्यांचे डोळे चमकत होते. मलाही वाटले, इतक्या वर्षांत असे पहिल्यांदा बघते आहे, आणि वही द्यायची बुद्धी माझी. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. तेही चक्रावले. पुढच्या महिन्यात आणा, बघू, म्हणाले. झोपेची गोळी सुरू झाली. गोळीने तो दिवसा आणखी हेलपाटायला लागला, आणि वहीत बारा, दोन, चार तसेच राहिले. फक्त "नांव सांगलें"च्या जागी "नांव वेळान सांगलें" आले.

उल्हासला विचारले तर तो म्हणायचा, "म्हाका उठयतात." मी विचारले, "कोण?" तो म्हणाला, "सगळेच." मी डॉक्टरांकडे बघितले, डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. त्याला भास होऊ लागले असे आम्ही कागदावर लिहिले. हे आठवले की आजही मला कान धरून उठाबशा काढाव्याशा वाटतात. सगळ्यांत शहाणा माणूस तोच होता आणि त्याचेच बोलणे आम्ही वेडात काढले.

मे संपत आला. शाळेला दहा-बारा दिवस राहिले. मला स्वस्थ बसवेना, म्हणून एका दुपारी भेटी देता देता मी त्याच्या घरी गेले. शैलाने मला बाहेरच्या सोप्यावर बसवले. सोपा म्हणजे आमच्याकडे दाराशी बांधलेला बसायचा कट्टा. तिने कोकमाचे पाणी दिले आणि ती आत भांडी घासायला गेली. आतल्या खोलीत उल्हास निजला होता. दारातून त्याची पाठ दिसत होती, श्वास लांब आणि शांत. मी मनात म्हटले, बघा, लागते आहे की झोप. दोनला पाच मिनिटे होती.

तेवढ्यात गोकुळदास आला. पायांवर पाणी घेतले, मला नमस्कार केला आणि खुंटीवरचे झांजांचे जोड काढून सरळ आत गेला. मला वाटले, भजनाच्या तालमीसाठी न्यायला आला असेल. आत जाऊन त्याने उल्हासच्या कानाशी झांज वाजवली. उल्हास दचकून उठला.

"नांव कितें तुजें?"

"उल्हास."

"गांव?"

त्याने गाव सांगितले.

"हीं बोटां कितलीं?"

"तीन. वच आतां."

गोकुळदास बाहेर आला, झांजा खुंटीला लावल्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाशेजारी चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. मी उठून कागदाजवळ गेले. वर लिहिले होते, उल्हासाची पाळी. खाली चौकटी आखलेल्या आणि प्रत्येक चौकटीत वाड्यावरच्या एकेका घराचे नाव. अकरा घरे होती. रात्रीच्या पाळ्या सगळ्या शैलाच्या, दिवसाच्या गोकुळदासच्या आणि बाकीच्यांच्या. सप्ताहाचा तक्ता असतो अगदी तसा. ज्यांना आमचा भजनी सप्ताह ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गावच्या देवळात दिवसरात्र अखंड भजन चालते, वाडे पाळ्या वाटून घेतात, आपल्या पाळीला माणूस तापाने फणफणला तरी जाऊन उभा राहतो. भजनात खंड पडता कामा नये. आमच्या माणसांना हे इतके अंगवळणी पडलेले की जागवायचे म्हटल्यावर त्यांनी ते जसे येते तसे केले.

"हें कितें, गोकुळदासबाब?" मी विचारले. आवाज माझा मलाच चमत्कारिक वाटला.

"म्हजी पाळी. दोनांची." त्याने साडेपाच आठवड्यांच्या अभिमानाने सांगितले. "सिस्टर, एक पाळी चुकूंक ना. साडेपांच सप्तकां जालीं. एक लेगीत ना."

"कोणें सांगलें तुमकां हें करूंक?"

गोकुळदास गोंधळला. आतून शैला हात पुसत आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "तुमींच सांगिल्लें न्हय, सिस्टर? दर दोन तासांनी उठयात म्हूण."

मी म्हटले, "एक रात. एक रात म्हूण सांगिल्लें हांवें."

"ना," ती म्हणाली. "रातीचें कितेंच सांगूंक ना तुमी. हांव आयकता आसलें. केन्ना थांबपाचें तें विचारपाचें म्हूण हांव उबें आसलें, पूण तुमकां फोन आयलो."

मी तीस वर्षे हे वाक्य "आजची रात" असे सुरू करून म्हणत आले, अशी माझी खात्री. पण त्या दिवशी म्हटले का? केव्हा थांबायचे हे विचारायला ती उभी होती, तेव्हा फोन आला होता का? असेल. त्या आठवड्यात माझ्या भावाच्या घराच्या वाटणीवरून सारखे फोन यायचे. मी ते दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. मला शैलाचा पदर दिसतो, तिची डोलणारी मान दिसते, पण माझा स्वतःचा आवाज काही ऐकू येत नाही. दुसऱ्याला नाव, गाव, वार विचारणाऱ्या बाईला स्वतः काय बोलले ते सांगता येऊ नये, याची मला फार लाज वाटते.

मी तिलाच उलट विचारले, "अगे, इतले दीस जाले, तुमकां कशें दिसलें ना?" शैला म्हणाली, "माणकुल्या काकाक याद करात." उल्हासचा हा काका वीस वर्षांपूर्वी आंब्यावरून पडला होता. चहा प्यायला, चांगला बोलला, थोडा आडवा होतो म्हणून गेला आणि उठला नाही. हे घर ते विसरले नव्हते. सप्ताहाचा काला ठरलेला असतो, त्या दिवशी दही फुटले की सगळे घरी जाऊन झोपतात. याचा काला कोणी ठरवलाच नव्हता. कंटाळले सगळे होते, पण मी थांबतो असे पहिल्यांदा म्हणायचे कोणी? ज्याच्या पाळीला खंड पडला आणि नेमके तेव्हाच काही झाले, तो जन्मभर तोंड कसे दाखवणार?

उल्हास खाटेवर बसून हे सगळे ऐकत होता. तो म्हणाला, "हांव सांगतालों तुमकां."

मी म्हटले, "आजपासून कोणी उठवायचे नाही." शुद्ध मराठीत म्हटले, सरकारी हुकूम असतो तसे. गोकुळदासने हळू आवाजात विचारले, "आनी कितें जालें जाल्यार?" आणि सांगते, त्या क्षणी मलाही माणकुल्या काका आठवला. सहा आठवडे झाले होते, फोटो स्वच्छ होता, धोका केव्हाच टळला होता, हे मला पुरते माहीत होते. तरी मी आधी उल्हासकडे नीट बघून घेतले. शेवटी अंगावर घेऊन म्हणाले, "जालें जाल्यार म्हजेर." गोकुळदासने तो कागद भिंतीवरून काढला, फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला.

त्या रात्री डोक्याला न लागताही मी दर दोन तासांनी उठत होते. सकाळी नऊ वाजता शैलाचा फोन आला. "सिस्टर, तो उठना."

मी केंद्रात पोचलेच होते. ड्रायव्हरला हाक मारली, रुग्णवाहिका काढली आणि पाचव्या मिनिटाला निघालो. वाटेत मी देवाला काय काय कबूल केले ते इथे लिहीत नाही, सगळे फेडलेले नाही. अंगणात वाड्यावरची सगळी माणसे उभी. गोकुळदासने झांजा हातात घेतल्या होत्या आणि तो माझ्याकडे बघत होता. मी आत गेले. उल्हास पालथा पडून घोरत होता, उशी लाळेने भिजलेली. नाडी उत्तम. पापणी उचलली तर त्याने झोपेतच माझा हात झटकला. मी बाहेर येऊन म्हटले, "न्हिदला तो. न्हिदूं दिया." कोणीही हलले नाही. अकरा वाजता तो उठला, बाहेर आला, इतकी माणसे बघून दचकला आणि शैलाला म्हणाला, "पोदेर येवन गेलो? उंडे आसात?" पोदेर म्हणजे दारोदार येणारा पाववाला आणि उंडा म्हणजे आमच्याकडचा कडक कवचाचा पाव. शैला आत जाऊन रडली. मी सोप्यावर बसून तिच्या उंड्यांतला एक खाल्ला, कारण सकाळपासून पोटात काही नव्हते.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती मिटक्या मारत सांगितली असती. पण तसे झाले नाही. उल्हासला पाठोपाठ चार रात्री चांगली झोप लागली आणि पाचव्या रात्री पुन्हा मोडली. उजेड सहन होत नव्हता. दुपारी मेंदू जड व्हायचा. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा डॉक्टरांनी दाखला दिला नाही, आणि ते बरोबरच होते, बसमध्ये लोकांची पोरे असतात. शाळेने दुसरा ड्रायव्हर घेतला. उल्हासला त्याच बसवर पोरांची चढउतार बघायला मदतनीस म्हणून ठेवले. स्वतःच्या बसमध्ये तो वर्षभर दाराशी उभा राहिला. पगार कमी होता, पण त्याहून त्याला हे लागले की नवा ड्रायव्हर पुलावर गिअर उशिरा टाकतो आणि याला ते सांगता येत नाही. वर्षाने त्याला स्टिअरिंग परत मिळाले.

मी डॉक्टरांना सगळे खरे सांगितले. त्यांनी विचारले, "तुमी नेमकें कितें सांगिल्लें, सिस्टर?" मी म्हटले, "आठवत नाही." त्यांनी भासाचे कागद पुढे ओढले आणि ती ओळ खोडून सही केली. मी विचारले, "त्याची झोप फणसाने घालवली की आपण?" त्या म्हणाल्या, "आतां तें वेगळें कशें काडप?" मी अजून ते वेगळे काढते आहे. कधी वाटते, सगळे माझेच. कधी वाटते, मारच जबर होता, पाळ्या नसत्या तरी तो असाच झाला असता. काही दिवशी दोन्ही पटतात.

त्यानंतर मी घरी सोडताना कागदावर लिहून द्यायला लागले, अमुक वाजेपर्यंत उठवा, मग उठवू नका, आणि वाचून दाखवून सही घ्यायला लागले. नव्या सिस्टरांना ते फार वाटायचे.

आता शेवटचे. त्याच वर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती, आणि सकाळच्या ओपीडीच्या गर्दीत शैला आली. मला वाटले, उल्हासचे काही असेल. ती म्हणाली, "ना, तो बरो आसा. रातभर न्हिदता." मग म्हणाली, "हांव उठतां. धा, बारा, दोन, चार. कोण उठयना, तरी उठतां. ताच्या नाकाकडेन हात धरतां आनी मागीर न्हीद वता." त्याचा श्वास बघितला की तिची झोप उडायची; डोळ्यांखाली काळे पडले होते. इतके महिने मी तिला दर आठवड्याला बघत होते, वही तिच्या हाताने लिहिलेली वाचत होते, रात्रीच्या सगळ्या पाळ्या तिच्या नावावर आहेत हे कागदावर बघितले होते, आणि ही बाई केव्हा झोपते असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ती म्हणाली, "म्हज्या तकलेक कितेंच लागूंक ना, सिस्टर. म्हाका केन्ना थांबपाचें तें सांगात."

मी तिचा हात धरला आणि पडद्याआड, जिथे आम्ही डोक्याला लागलेली माणसे बघायला ठेवतो, त्या खाटेवर तिला आडवे केले. "आतां तुजी पाळी सोंपली," मी म्हटले. "हांव आसां हांगा."

ती दहाच्या सुमारास झोपली. मधे दोन पोरांना लशी टोचल्या, पोरे रडली. एक स्कूटरवाला आला, त्याचे टाके झाले. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट करून विचारले, पेशंट कोणाची. मी म्हटले, माझी. शैला दोन वाजेपर्यंत झोपली होती. मी मधून मधून पडदा बाजूला करून तिच्या छातीकडे बघून येत होते. उठवले मात्र नाही.